सतराव्या कप्प्याची नोंद

दमयंतीच्या बशीचा फुरका अर्ध्यातच थांबला आणि मला कळलं, हिला काहीतरी दिसलं.

मागे वळून विचारायची सोय नव्हती. आमची टेबलं पाठीला पाठ लावून, भिंतींकडे तोंड करून मांडलेली होती, आणि ती मुद्दाम तशी मांडलेली होती. एकच कागद आधी तिनं पाहायचा, मग मी. काय दिसलं ते आपापल्या चिठ्ठीवर लिहून आपापल्या डब्यात टाकायचं. दिवसभर कशावरही बोला, सुनांवर बोला, भाजीवर बोला, पाठारेसरांच्या एकुलत्या एक स्वेटरवर बोला. कागदावर मात्र अवाक्षर नाही. सात वर्षं आम्ही हा नियम पाळला. त्यामुळे दमयंती पटले या बाईचा चेहरा मला जितका ठाऊक नव्हता तितकी तिची पाठ ठाऊक होती, तीही कानांनी. चहा ती बशीतून पिई. एका बशीला सहा फुरके, कमी नाही की जास्त नाही. त्या सोमवारी तिसऱ्या फुरक्याला बशी खाली ठेवली गेली ती पुन्हा उचललीच गेली नाही.

"चहा निवतोय गं," मी समोरच्या भिंतीला म्हटलं.

"निवू द्या, ताई," मागची भिंत म्हणाली.

कवठाडोंगरीच्या मँगनीजच्या खाणीत, आमच्या त्या टिनाच्या खोलीच्या सरळ खाली, जुन्या बंद बोगद्यात दीडशे टन लोखंड रचून ठेवलेलं होतं. लोखंडाचे पत्रे, त्यांच्या मधून गॅस भरलेल्या नळ्या, असे चाळीस कप्पे. लोखंडातून काही गेलं की नळ्या टिपायच्या आणि यंत्र कागदावर फुल्या छापायचं. वरचा डोंगर कशासाठी, तर आकाशातून जो कचरा पडत असतो तो गाळायला.

हे सगळं कशासाठी, ते सरांनी पहिल्याच दिवशी आम्हां दोघींना समजावलं होतं. आम्ही तेव्हा नुकत्याच शाळेतल्या तात्पुरत्या नोकऱ्या सोडून आलेल्या. सर म्हणाले, "लोखंडाच्या पोटात न्यूट्रॉन असतात. एखादा, अगणितांतला एखादा, आपलाआपण उलटा होत असेल, अशी शंका आहे. उलटा म्हणजे अँटिन्यूट्रॉन. तसा झाला की तो शेजारच्याला भिडणार, दोघंही संपणार, आणि त्या जागी चार-पाच ठिणग्या उडणार. फुलबाजीसारख्या, चहूबाजूंना."

"आमच्याकडले लग्नाच्या तिसऱ्या दिवशी उलटे झाले," दमयंती म्हणाली. "त्याला एवढं लोखंड नाही लागलं."

सर हसले. मुंबईहून आलेला एवढा मोठा माणूस, पण हसला की पुढचे दोन दात दिसत आणि शाळकरी वाटे. मग म्हणाले, "पटलेबाई, मिळालाच असा एखादा, तर सुरुवातीला सुलटे-उलटे सारखेच असताना हे जग आपसांत भिडून संपून न जाता उरलं कसं, याचा एक धागा हाती येईल."

त्यानंतर सात वर्षं तो एखादा आला नाही. फुल्या यायच्या, पण सगळ्या वाकड्या. जागच्या जागी फुटलं तर ठिणग्या सगळीकडे सारख्या उडतात. बाहेरून येऊन काही धडकलं, तर सगळ्या पुढच्याच बाजूला ढकलल्या जातात. आम्हाला सात वर्षं ढकललेल्याच मिळाल्या. हे धडकणारे न्यूट्रिनो डोंगरालाही जुमानत नसत. दमयंती त्यांना बिनबोलावलेले पाहुणे म्हणायची.

आणि आता त्या शुक्रवारी दिल्लीची समिती यायची होती. खाणीचे पंप दिवाळीनंतर बंद होणार होते, बोगद्यात पाणी भरणार होतं. पंप चालू ठेवून आणखी तीन वर्षं द्यायची की सगळं गुंडाळायचं, ते समिती ठरवणार. सर अठ्ठावन्न वर्षांचे. दुसरं लोखंड रचायला त्यांच्याजवळ वय नव्हतं, हे तेही जाणून होते. समितीला दाखवायला एक, एकच सरळ फुलबाजी हवी होती. ते कधी बोलले नाहीत. पण गेला महिनाभर सोमवारी कागदांचा गठ्ठा उघडताना ते दोऱ्याची गाठ कापत नसत, सोडवत बसत. इतकी घाई आत असलेला माणूसच एवढा सावकाश वागतो.

गठ्ठा त्यांनीच उघडायचा, असाही नियमच होता. त्याआधी माझं रजिस्टर. बोगद्यात ओल, उंदीर, गळणारा गॅस. चाळीसपैकी दोन-चार कप्पे कायम बंद. कोणता कप्पा कधी बंद झाला, कधी सुरू झाला, त्याची नोंद मी ठेवायची. तारीख, वेळ, काय झालं, कारण. नोंद झाली त्या क्षणापासून कप्पा जिवंत. त्याआधी तो कितीही धडधाकट असो, मेलेलाच. कारणाचा रकाना मी कधी कुणाचा रिकामा सोडला नाही. मुंबईच्या एका तरुण शास्त्रज्ञानं एकदा तिथे 'देव जाणे' लिहिलं. मी ते रजिस्टर त्याच्या खोलीवर परत पाठवलं, आणि देवाची सही आणायला सांगितली. त्यानंतर माझ्या रजिस्टराला सगळे जरा बिचकून असत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडे.

दर सोमवारी नऊला सर शेवटच्या नोंदीखाली दोन शब्द लिहीत: 'वाचले. पाठारे.' पान बंद झालं. मग मेलेल्या कप्प्यांवर आम्ही पेन्सिलीनं काट मारायची, आणि मग जे उरेल ते पाहायचं.

त्या सोमवारी खाणीच्या मॅनेजरनं सरांना पंपांच्या बोलण्यासाठी बोलावून घेतलं. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला मी म्हटलं, नुसतं बसून काय करायचं, आणि गठ्ठ्याचा दोरा कात्रीनं कापला. रजिस्टर शेजारी पडलेलं, उघडं, बिनसहीचं. सात वर्षांत पहिल्यांदा.

दमयंतीनं तो कागद माझ्या टेबलाच्या कडेवर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. बशी तशीच.

कागदावर फुल्यांच्या पाच रेघा होत्या. एका ठिपक्यातून निघालेल्या. तीन वर, सोळाव्या कप्प्यात. दोन खाली, सतराव्यात. कुणी कंपास घेऊन काढल्यासारख्या, चहूबाजूंना. रविवार, सकाळी अकरा चाळीस.

पान बंद झालेलं नव्हतं, म्हणून दमयंतीनं काट मारलेली नव्हती. मी पेन्सिल उचलली. सतरावा कप्पा दोन ऑगस्टपासून बंद होता; गॅस गळत होता. काट मारायला हवी होती. मारली की खालच्या दोन रेघा जाणार, वरच्या तीन उरणार, एकाच बाजूला झुकलेल्या. आणखी एक पाहुणा.

पण मेलेल्या कप्प्यात फुल्या आल्या कशा, हा विचार करत पेन्सिल हातात धरून मी बसले होते, तेवढ्यात बिसन उईके दारात आला. बिसन आमचा खालचा माणूस. गॅस, नळ्या, खाणीत उतरायचा पाळणा, सगळं त्याच्याकडे. खाणीतच वाढलेला, दहा पावलांवरून गळती ऐकायचा.

"बाई, सतरा नंबर चालू झाला जी," तो म्हणाला. "लिहून घ्या."

"केव्हा?"

"शनवारी केलो. तीन वाजता." मग आवाज खाली गेला. "लाखीनं बंद केलो फट. वरतीच तापवून नेलो जी, खाली जाळ नाही केलो. तुमी मागं रागावल्या होत्या म्हनून सांगतो."

"शनिवारीच का नाही सांगितलंस?"

"तुमी तं एक वाजताच घरी गेल्या."

खरं होतं. शनिवार अर्धा दिवस. मी रजिस्टर जवळ ओढलं. शेवटच्या नोंदीखाली जागा होती. सरांची सही नव्हती. आता लिहायचं होतं: सोमवार, दहा पन्नास. म्हणजे रविवारी कप्पा मेलेला. म्हणजे काट.

"पाऊण वाजता केलंस तू," मी म्हटलं. "मी निघायच्या आधी. आणि मला सांगितलंस."

बिसन माझ्याकडे पाहत राहिला. वेळेच्या पाच मिनिटांसाठी त्याला पुन्हा खाली पाठवणारी बाई ती मीच.

"मी तं तीनला केलो जी."

"पाऊण वाजता, बिसन."

"तुमी म्हनता तं पाऊण," तो म्हणाला, आणि रिकाम्या ओळीपुढे सही करून, चप्पल ओढत गेला.

मी लिहिलं. माझ्या नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या शाईनं. दुरुस्ती खरी, फक्त वेळ सव्वादोन तास मागे. कारण: गॅसगळती लाखेने बंद. मागच्या भिंतीकडून काही आवाज आला नाही.

सर अकराच्या पुढे आले. बुटांना चिखल, चेहरा पडलेला. मॅनेजरनं पंपांचं काही ऐकलं नसावं. आधी रजिस्टर वाचलं. 'वाचले. पाठारे.' दोरा कापलेला दिसला, तो गुंडाळून बाजूला ठेवला. मग तो कागद घेतला.

मी त्यांची पाठ पाहत होते. पाठी वाचण्यात माझा हात कोण धरणार. आधी खांदे वर गेले, तसेच राहिले, आणि मग हळूहळू इतके खाली आले की जुना स्वेटर लांब झाल्यासारखा वाटला.

"ठवकरबाई," ते मला म्हणाले, "दोघींच्या चिठ्ठ्या काढा पाहू."

दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता. दमयंतीनं 'सरळ' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली होती.

पुढचे तीन दिवस मी त्या माणसाला पाहिलं तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मुंबईला फोन केला नाही. हिशेब करत बसले, सगळ्या बाजूंनी कागद तपासला. सतराव्या कप्प्यात शनिवार-रविवारच्या इतरही फुल्या सापडल्या. कप्पा जिवंत होता यात शंकाच नव्हती. पण मंगळवारी ते शीळ घालत आले. सूर फार वाईट होता. दमयंतीच्या डब्यातली भाजी मागून खाल्ली, पुन्हा मागितली. बुधवारी बिसनला बोलावलं, लाख कशी तापवली ते विचारून घेतलं, आणि म्हणाले, "आमच्या वेळेला प्रयोगशाळेत लाखच वापरायचे. तुझ्यासारखी लावणारे राहिले नाहीत." बिसनच्या अंगात चार माणसांचं बळ आलं. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. ते मला फार लागलं. सात वर्षं मी या माणसाला खरी वेळ सांगायला शिकवत होते.

बुधवारी निघायच्या वेळी दमयंती दप्तर आवरत म्हणाली, "ताई, एक बोलू? कागदावर नाही बोलत."

"बोल."

"सोमवारी बिसन गेल्यावर तुमचं पेन चाललं. तुम्ही नोंद करता तेव्हा तारखेनंतर घड्याळ बघता, बांगडी वाजते. सोमवारी बांगडी नाही वाजली."

मी बांगडी मनगटावर मागे सारली.

"मी नाही सांगणार कुणाला," ती म्हणाली. "मलापण तो हवाच आहे हो. सात वर्षं पाहुणे जेवू घातले."

गुरुवारी दुपारी सरांनी रजिस्टर घेऊन बोलावलं. उद्याचे कागद त्यांनी टेबलभर मांडून ठेवले होते. स्वेटर धुतलेला होता, ही बातमी एरवी मी दमयंतीला पळत जाऊन सांगितली असती.

"हे पान मी उद्या बरोबर ठेवणार," ते म्हणाले. "कुणी विचारलं सतरावा कप्पा कशावरून धरलात, तर हे पुढे करायचं. ठवकरबाईंच्या रजिस्टरात आहे म्हटलं की विषय संपला."

मी रजिस्टर छातीशी धरून उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला. मी दिलं नाही.

"सर, ती ओळ शनिवारची नाही. सोमवारची आहे."

"दुरुस्ती?"

"शनिवारचीच. तीन वाजताची. बिसननं मला सोमवारी सांगितलं. वेळ मी मागे नेली. बिसनचा दोष नाही, त्यानं तीनच म्हटलं होतं."

खाली पाळण्याची घंटा झाली, पाळणा वर आला, माणसं बोलत गेली.

"आधी काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं. "कागद, की बिसन?"

"कागद."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कप्पा तर जिवंत होता, सर," मी म्हटलं. "तुम्हीच पाहिलंत, त्यात इतर फुल्या आहेत. खोटं काहीच नाही. सव्वादोन तास तेवढे."

"जिवंत होता, मलाही माहीत आहे. तिसऱ्या वर्षीचा नववा कप्पा आठवतो?"

आठवत होता. मार्च महिना. बिसननं तेव्हाही आधी जोडून नंतर सांगितलं होतं. मधल्या दिवसांत एक घटना आली होती, वाकडी, बिनकामाची. मी काट मारली, आणि चहा प्यायला गेले होते.

"तेव्हा तुम्ही पेन उचललं नाहीत," सर म्हणाले. "मीही उचला म्हटलं नाही. नववा कप्पाही जिवंतच होता, बाई. आवडत नाही त्या पाहुण्याला नियम दाखवायचा आणि आवडतो त्याला मागच्या दारानं घ्यायचं, हे नाही चालायचं. सात वर्षांत आपल्याला काय मिळालं? शून्य. त्या शून्याला किंमत एवढीच, की ते तुमच्या रजिस्टरातून आलं."

"उद्या तीन वर्षं मिळाली असती."

"मिळाली असती," ते म्हणाले. मग खिडकीकडे पाहत, "पाणी भरायला किती दिवस लागतील हो बोगद्यात? बिसनला विचारायला हवं. नळ्या आधी काढून घेऊ."

तेव्हा मला रडू आलं. शीळ थांबली म्हणून नाही. नळ्यांची काळजी केली म्हणून.

शुक्रवारी समिती आली. सरांनी सात वर्षांचं शून्य मांडलं. त्या घटनेचा कागदही दाखवला, काट मारून, आणि काट का मारली ते सांगून. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि परत देताना दोन्ही हातांनी दिला. वाढ मिळाली नाही. दिवाळीनंतर पंप थांबले. लेख छापून आला त्यात मजकूर असा, की इतक्या वर्षांत, इतक्या लोखंडात, एकही नाही. तेव्हा न्यूट्रॉन उलटा होत असलाच, तर त्याला कमीत कमी इतका काळ लागत असला पाहिजे. तो आकडा लिहायला अर्धी ओळ लागली होती. शेवटी आभारात तीन नावं: ठवकर, पटले, उईके. खाली बारीक टीप होती, नियमाबाहेर पडलेल्या एका घटनेची. पुढे परदेशात याहून कितीतरी मोठी यंत्रं बसली. मी वर्तमानपत्रात लक्ष ठेवून असते. अजून कुणालाही सापडलेला नाही. दमयंती फोनवर विचारते, "आला का गं ताई पाहुणा?" आता ती मला अगं-तुगं करते, पाठीला पाठ नाही म्हणून असेल.

पण हे सगळं नंतरचं. गुरुवारी अजून एक काम राहिलं होतं.

सर म्हणाले, "ती ओळ रद्द करा. खोडू नका. वाचता येईल अशी एक रेघ, आणि खाली रद्द केल्याची नोंद."

मी त्यांच्याच टेबलावर बसले. पट्टी लावून लाल रेघ मारली. खाली तारीख लिहिली. घड्याळ पाहिलं, बांगडी वाजली. दोन वाजून दहा मिनिटं. 'वरील नोंद रद्द. दुरुस्तीची खरी वेळ शनिवार दुपारी तीन, कळवल्याची वेळ सोमवार दहा पन्नास.'

मग कारणाचा रकाना आला. मी पेन थांबवलं.

"कारणात काय लिहू, सर?"

"खरं असेल ते. तुमचाच नियम."

मी लिहिलं: 'सरांना आनंद व्हावा म्हणून आधीची नोंद केली होती.' सही केली आणि रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. नेहमीसारखं 'वाचले. पाठारे.' लिहून पेनाला टोपण लावलं. मी रजिस्टर घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ते तसंच दाबून धरलं, टोपण पुन्हा काढलं, आणि त्या रकान्यात, माझ्या ओळीच्या खाली उरलेल्या जागेत, आणखी दोन शब्द लिहिले.

'झाला होता.'